सगळ्यांकडे मोबाईल आला, म्हणून दरी मिटली?

सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय, 'टेक्नॉलॉजीमुळे गरीब-श्रीमंत दरी आपोआप मिटतेय', खाली चार पुरावे. सकाळपासून अंगठ्यांची रांग लागलीय, म्हणून लिहितोय.

पहिला पुरावा, मोबाईल सगळ्यांकडे आहे. आहे ना, टीव्हीपण आला होता. वस्तू स्वस्त झाली म्हणून कमाईतला वाटा वाढतो का? विषमतेचा अभ्यास करणाऱ्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या संस्थेच्या अंदाजाने २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या १ टक्का लोकांकडे गेला, १९२२ पासूनच्या त्यांच्या आकड्यांत सगळ्यात जास्त, आणि तोवर स्वस्त डेटा येऊन सहा वर्षं झाली होती.

दुसरा, भाजीवालीसुद्धा यूपीआय घेते. हा अर्धा पटतो, सुट्ट्यांची कटकट खरंच गेली. पण मंडईतल्या आमच्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "पैसं लगेच येतात रे, जास्त कुठं येतात?" कोथिंबिरीच्या जुड्या तेवढ्याच खपतात, तो 'वीस रुपये मिळाले' म्हणून ओरडणारा डबा आहे त्याचं दर महिन्याला भाडं कापलं जातं, आणि पेठेतलं जुनं गिऱ्हाईक दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपकडे वळलंय. टेक्नॉलॉजी दोघांकडे आहे, फक्त मावशींकडे क्यूआर कोड आला आणि ॲपवाल्याकडे गिऱ्हाईक गेलं.

तिसरा, आयटीने पुणं वर आणलं. आणलं, माझाही हप्ता हिंजवडीच्याच पगारातून जातो! पण मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज पंधरा वर्षांपूर्वी साडेतीन लाखांच्या आसपास होतं आणि आजही तिथेच घुटमळतंय, वाकडच्या फ्लॅटचे भाव काय थांबले नाहीत. गेटवरचा सिक्युरिटीवाला तर बहुतेक ठिकाणी कंपनीचा माणूसच नसतो, कॉन्ट्रॅक्टरचा असतो.

चौथा, इंग्लंडात यंत्रं आली तेव्हाही लोक ओरडले, शेवटी भलंच झालं. 'शेवटी' म्हणजे कधी? रॉबर्ट ॲलन या इतिहासकाराचा हिशोब बघा, १७८० ते १८४० मध्ये कामगारामागे उत्पादन ४६ टक्के वाढलं आणि खरी मजुरी, म्हणजे महागाई वजा करून, जेमतेम १२ टक्के. दोन पिढ्या त्यातच गेल्या. पुढे मजुरी वाढली त्यात संघटना होत्या, फॅक्टरी कायदे होते, शाळा होत्या, यातलं 'आपोआप' काय? आपल्याकडे डिलिव्हरीवाल्या पोरांना २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत, म्हणजे कायद्यात, गिग कामगार (कायम नोकरी नाही, कामागणिक पैसे) असं नाव मिळालं, ती लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि ऑर्डरमागे किती द्यायचे हे अजूनही ॲपच ठरवतं.