झालं की कधीच!

भाचीच्या लग्नाचे फोटो बाहेरच्या डिस्कवर न्यायचे होते. फायलींचं गाठोडं बांधणाऱ्या टारची कमांड लिहिली, चुकांची रडगाणी नकोत म्हणून ती एका फायलीत वळवली आणि शेवटी ते वेटोळं अँपरसँड (&) टाकलं. म्हणजे काम पडद्यामागे. बॅशने, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामने, लगेच '[१] ४८२७' अशी पावती फाडली: पहिला कामाचा नंबर, दुसरा प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा. इतक्या तत्परतेने पावती देणारा काम संपल्यावर हाकही मारेल, अशी माझी भाबडी समजूत.

चाळीस मिनिटं लुकलुकणाऱ्या कर्सरसमोर बसलो. हिने स्वयंपाकघरातून दोनदा विचारलं, "झालं का हो?" "होतंय, मोठं काम आहे." कामात व्यत्यय नको म्हणून मी एकही बटण दाबत नव्हतो. शेवटी कंटाळून एंटर दाबलं, तर उत्तर आलं: '[१]+ एक्झिट २'. म्हणजे काम फसलं.

डिस्क तिसऱ्याच मिनिटाला भरली होती. उरलेली सदतीस मिनिटं मी मयताची तब्येत सुधारायची वाट बघत होतो.

चीड याची, की बॅशला सगळं तेव्हाच कळलेलं असतं. पोटची प्रोसेस संपली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तिच्या आईबापाला, इथे बॅशला, सिगचाइल्ड हा सिग्नल धाडतो. त्यांनी 'वेट' करून तिचा निकाल उचलेपर्यंत ती झॉम्बी होऊन प्रोसेसच्या यादीत लटकते. पिंडाला कावळा शिवेपर्यंत आत्मा घुटमळावा, तशी. बॅश हा विधी ताबडतोब उरकतो. फक्त सोयऱ्याधायऱ्यांना कळवतो ते पुढचा प्रॉम्प्ट, म्हणजे 'आता पुढची कमांड द्या' ही खूण, छापायच्या वेळी. का, तर पडद्यावर दुसरं कुणी बोलत असेल तर मध्ये तोंड घालू नये! अहो, पण माझ्या पडद्यावर चिटपाखरूही बोलत नव्हतं. बॅशचाच भाऊबंद, शेजारचा झेडशेल बघा, न विचारता सांगतो. अर्थात तो शेजारचा.

बॅशलाही बोलतं करता येतं, 'सेट -बी' म्हणून. म्हटलं. मोठी डिस्क आणली, पुन्हा टार सोडलं आणि तेवढ्यात एक जुना फोल्डर पुसावा म्हणून टाइप करू लागलो. 'आरएम -आर लग्' इथवर आलो आणि ओळीच्या मधोमध बॅश खेकसला: '[१]+ डन'. दचकून बोट एंटरवर पडलं.

'लग्' नावाचं काहीच इथे नाही, असं आरएम म्हणाला. त्याने मात्र हे लगेच सांगितलं.