मुंबईची हवा मुलुंड नाक्याला संपत नाही

हिवाळा लागला की एक मेसेज न चुकता फिरायला लागतो. यंदा आमच्या कल्याणच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: मुंबईची हवा मुंबई महापालिकेने बघावी, ठाण्याची ठाण्याने. प्रत्येकाने आपलं अंगण झाडलं की झालं. उरलंसुरलं समुद्राचा वारा उडवून नेतो. रस्ते आखणाऱ्यांना हवेचा हिशेब विचारू नका, उलट रस्ते रुंद झाले की कोंडी सुटते आणि धूर कमी होतो. आणि ‘सगळ्या प्रदेशाची हवा एकत्र बघा’ म्हणणाऱ्यांना फक्त नव्या प्राधिकरणातली खुर्ची हवी असते.

खुर्चीचा मुद्दा मला थोडाफार पटतो, त्याकडे शेवटी येतो. आधी अंगण.

न्हावा शेवा बंदरातून गुजरातकडे निघालेला कंटेनर घ्या. कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा, मग घोडबंदर रोड, गायमुख घाट, फाउंटन हॉटेल आणि वर्सोव्याच्या पुलावरून वसई. पनवेल, ठाणे, मीरा-भाईंदर, वसई-विरार, किमान चार महापालिका झाल्या. मुंबई महापालिकेच्या हद्दीत त्याचं एक चाकही लागलं नाही. संध्याकाळी गायमुखच्या चढावर दुचाकीवरून एकदा जाऊन बघा. पुढचा ट्रेलर पहिल्या गिअरमध्ये कण्हत असतो, ॲक्सिलरेटर दाबला की काळा भपका थेट तोंडावर. रुमाल बांधलेला असला तरी घरी पोचल्यावर नाकातून काजळी निघते. हे कोणाचं अंगण? ठाण्याने दिवसा अवजड वाहनं अडवली की रांग भिवंडीकडे किंवा पलीकडे फाउंटनकडे सरकते. झाडलेला कचरा शेजाऱ्याच्या दारात, एवढंच.

भिवंडीची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. तिथं एवढी गोदामं का झाली? जागा स्वस्त होती हे आहेच, पण मुंबईची जकात हेही मोठं कारण होतं. माल हद्दीबाहेर साठवायचा आणि विकला जाईल तसा थोडा थोडा आत आणायचा. म्हणजे महापालिकेच्या सीमारेषेनेच टेम्पोच्या फेऱ्या वाढवल्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. गोदामं मात्र गेली नाहीत, ऑनलाइन खरेदीने ती आणखी फुगली. आज मुंबईत दारात येणारं खोकं बऱ्याचदा भिवंडीहून निघालेलं असतं. आता राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाची १३१ शहरांची यादी उघडा. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, उल्हासनगर, बदलापूर, वसई-विरार ही नावं सापडतील. भिवंडी स्वतःच्या नावाने त्यात नाही. कल्याण-डोंबिवली नाही, पनवेलही नाही.

‘आपापल्या हद्दीपुरतं’ हा प्रयोग आपण आधीच करून बसलोय, हे तर कोणाच्या लक्षातच नाही. एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे आणि सोलापूर धरून देशातल्या १३ शहरांत बीएस-४ इंधन आणि गाड्या सक्तीच्या झाल्या (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराच्या मर्यादेची पायरी; आकडा जितका मोठा तितकी ती कडक). बाकी ठिकाणी बीएस-३ चाललं, ते बऱ्याच भागांत थेट २०१७ पर्यंत. बीएस-४ डिझेलमध्ये गंधक ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग), बीएस-३ मध्ये ३५०, म्हणजे सातपट. हद्दीबाहेर टाकी भरलेला, बाहेरच पासिंग झालेला ट्रक मुलुंड किंवा दहिसर नाक्यावरून रोज आत यायचा, तेही सगळे नियम पाळून. शेवटी १ एप्रिल २०२० ला नव्या गाड्यांना बीएस-६ सक्तीचं झालं, ते देशभर एकाच दिवशी. दोन प्रकारची डिझेलं आणि मध्ये नाका, हे चालत नाही एवढं तोवर कळलं होतं.

समुद्राच्या वाऱ्याबद्दल फार लिहीत नाही. दुपारी वारा पश्चिमेकडून येतो आणि मुंबईचा धूर पूर्वेकडे ढकलतो. पूर्वेकडे म्हणजे ठाणे, नवी मुंबई, कल्याण. आम्ही तिथंच राहतो. रात्री वारा उलटतो, जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, आणि थंडीत जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही. सकाळी दादरला उतरल्यावर दिसतं ते धुरकं त्यात आमचाही वाटा घेऊन आलेलं असतं. फिट्टंफाट.

आता रस्ते आणि हवा. मेसेजमधला सगळ्यात कच्चा भाग हाच, आणि सगळ्यात जास्त लाइक यालाच पडतात. घोडबंदर रोड रुंद झाला. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ असे एकामागून एक उड्डाणपूल झाले. मग दोन्ही बाजूंना टॉवर उभे राहिले, कारण आता रस्ता चांगला होता. टॉवरमधल्या गाड्या त्याच रस्त्यावर उतरल्या. कोंडी सुटली का, हे तिथं राहणाऱ्याला विचारा आणि शिव्या ऐकायची तयारी ठेवा.

रस्त्याच्या आराखड्याला हवेचा हिशेब विचारणं ही कोणाच्या डोक्यातून आलेली नवी कल्पना नाही. अमेरिकेत १९९० मध्ये हवेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ही अट पक्की बसली: जिथली हवा मानकात बसत नाही, तिथल्या वाहतूक आराखड्याने आधी दाखवायचं की त्याने धुराची ठरलेली मर्यादा मोडणार नाही. दाखवता आलं नाही तर नव्या रस्त्यांचा केंद्राचा पैसा थांबतो. १९९८ च्या सुरुवातीला अटलांटात ही वेळ खरोखर आली. तिथला घोळ आपल्यासारखाच, हद्दीचा. हवेसाठी १३ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) एकत्र धरलेल्या, आणि आराखडा करणारा प्रादेशिक आयोग १० काउंट्यांचा. धूर तेरांचा, कागद दहांचा. शेवटी १९९९ मध्ये जॉर्जिया राज्याला कायदा करून त्या भागासाठी वेगळं परिवहन प्राधिकरण नेमावं लागलं. अटलांटा काही आदर्श शहर नव्हे, आजही तिथं गाडीवाचून पान हलत नाही. पण पैसा अडला तेव्हा रस्तेवाले आणि हवावाले एका टेबलावर बसले, आणि आपल्याकडे नेमकं तेच होत नाही.

‘पाणी फवारा, पडदे लावा, हवा सुधारेल’ हेही त्या मेसेजच्या शेपटाला असतं. बांधकामाची धूळ खरी आहे, ती झाकायलाच हवी. पण देशभरात स्वच्छ हवेसाठी खर्च झालेल्या पैशांपैकी ६४ टक्के रस्त्यावरच्या धुळीवर गेले, असा सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचा २०२४ चा हिशेब आहे. फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण मुख्यतः जळण्यातून येतात. टँकरने ते धुतले जात नाहीत, आणि फवारणारा टँकरही बहुधा डिझेलवरच चालतो.

राहिली खुर्ची. इथं मेसेजवाल्याचं निम्मं बरोबर आहे. शहरांत वाहतुकीसाठी एकत्रित प्राधिकरण असावं हे २००६ च्या राष्ट्रीय धोरणात लिहिलेलं आहे, आणि आपल्याकडे त्याचं काय झालं ते लोकलच्या दारात लोंबकळताना रोज दिसतं. दिल्लीभोवतीच्या राज्यांना मिळून २०२१ च्या कायद्याने हवेसाठी आयोग मिळाला, तरी तिथला नोव्हेंबर काही बदललेला नाही. म्हणून मला नवीन पाटी नकोच आहे.

हद्दही नवीन आखायला नको. मुंबई महानगर प्रदेशाची रेघ १९६७ सालीच मारली गेली, पुढे ती वाढत गेली आणि आज तो ६,३२८ चौरस किलोमीटरचा आहे. नऊ महापालिका त्यात येतात. त्या सगळ्याचा आराखडा करणारं प्राधिकरण, एमएमआरडीए, १९७५ पासून बसलेलं आहे, पूल, बोगदे, मेट्रो बांधतंय. त्याने प्रत्येक मोठ्या प्रकल्पासोबत एवढंच सांगावं की यामुळे पूर्ण प्रदेशातला धूर किती वाढेल किंवा घटेल, आणि वाढणार असेल तर मंजुरी थांबावी. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या विचारणेनंतर सरकारने पेट्रोल-डिझेल गाड्या हटवता येतील का हे बघायला समिती नेमली, तीही एकट्या मुंबईसाठी नाही, महानगर प्रदेशासाठीच.

आणि रिक्षाचं भाडं? १ फेब्रुवारी २०२५ ला पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये झालं, वांद्र्यातही तेच आणि कल्याणातही तेच, कारण ते ठरवणारं परिवहन प्राधिकरण पूर्ण प्रदेशाचं आहे. (कल्याणात मीटर टाकतं कोण, हा वेगळा विषय.) ती भाडेवाढ झाली तेव्हा आमच्या ग्रुपवर दोनशे मेसेज पडले. वांद्र्याचं भाडं वांद्र्याने ठरवावं, असं त्यातल्या एकानेही लिहिलं नव्हतं.