पॅक-अपनंतरची उधारी

गेल्या आठवड्यात चोपड्याच्या बाजूला एका नव्या मालिकेची रेकी, म्हणजे शूटिंगच्या जागांची पाहणी, करून आलो. दिग्दर्शकाला गाव आवडलं, तापीचा काठ आवडला. कॅमेरामनने मोबाइलवर सूर्य कुठे बुडतो ते बघून ठेवलं. परतताना गाडीत निर्मात्याच्या माणसाने मला विचारलं, "तुम्ही तर इथलेच. ओळखीने सगळं स्वस्तात होऊन जाईल ना?"

ही पोस्ट त्या एका वाक्यावर आहे. लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळचा अमळनेरचा. सतरा वर्षं झाली प्रॉडक्शनमध्ये, त्यातली नऊ प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून. गावाकडे लग्नाला गेलो की लोक विचारतात, सध्या कोणकोण भेटतं? मी खरं सांगतो: टँकरवाला, लॉजचा मॅनेजर, ग्रामसेवक आणि ज्याच्या खळ्यात कलाकारांची व्हॅनिटी व्हॅन उभी करायची तो शेतकरी. कलाकारांशी माझा संबंध त्यांच्या गाडीचा एसी बंद पडला की येतो.

दोन वर्षांपूर्वी अमळनेरजवळ बारा दिवसांचं आउटडोअर शूटिंग लावलं होतं. एप्रिलअखेर. सव्वाशेचं युनिट. एवढ्या खोल्या एका जागी मिळत नाहीत, म्हणून अर्धे लॉजवर, अर्धे मंगल कार्यालयात, असा हिशेब मी मार्चमध्ये मुंबईत बसून केला. कागदावर फार छान दिसत होता. लग्नाच्या तिथी पाहायचं मात्र राहून गेलं, आणि तेही मी इथलाच असून! लगीनसराईत आपल्याकडे कार्यालय, मंडप, आचारी, क्रूझर, पिकअप, पाण्याचे जार, जनरेटर सगळं नवरदेवाचं असतं. बाकीच्यांनी उरलंसुरलं घ्यायचं. शेवटी लाइटमन आणि सेटिंगवाले एका शाळेच्या वर्गांमध्ये झोपले, आणि बारा दिवसांत तीन रात्री डीजेमुळे सीन थांबवावा लागला. साउंड रेकॉर्डिस्ट हेडफोन काढून माझ्याकडे असा बघायचा, जसा काही नवरीचा मामा मीच. तेव्हापासून माझ्या बॅगेत कॉल शीटच्या (सेटवर कुणी किती वाजता यायचं त्या कागदाच्या) फाइलबरोबर पंचांग असतं.

उन्हाचं काय सांगू. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसला जातो हे पेपरात वाचणं वेगळं आणि त्यात रिफ्लेक्टर धरून उभं राहणं वेगळं. मी कॉल पहाटे पाचचा लावला, साडेअकराला ब्रेक, चारला पुन्हा सुरू. मुंबईहून फोन आला: शिफ्ट बारा तासांची, मधले साडेचार तास युनिट झोपणार त्याचे पैसे कशाचे? तिसऱ्या दिवशी एका सीनच्या हट्टापायी साडेबारापर्यंत ताणलं आणि एक लाइटमन स्टँडसकट खाली बसला. सलाइन लावून संध्याकाळी परत आला बिचारा. त्यानंतर तो फोन परत आला नाही.

मुंबईच्या माणसाला खान्देशात भर उन्हाळ्यात हिरवं पाहिजे असतं. कपाशीची वावरं तेव्हा नांगरून तापत पडलेली असतात. हिरवं म्हणजे केळी. तापीच्या पलीकडे एक बाग ठरवली. आतपर्यंत ट्रॉली न्यायची तर वाट अरुंद. आर्टवाले म्हणाले, "चारच झाडं काढू." शेतकरी शांतपणे म्हणाला, "झाडं नका मोजू भाऊ, घड मोजा." बरोबर होतं त्याचं. घड वीस-बावीस किलोचा, त्या दिवशीचा क्विंटलचा भाव फोनवर विचारला, चार घडांचे पैसे जागेवर दिले. वाटलं, मिटलं. दुसऱ्या दिवशी तो मला बागेत घेऊन गेला. ट्रॉलीच्या चाकांनी ठिबकच्या नळ्या तीन ठिकाणी चिरडल्या होत्या आणि बुंध्याशी राखलेले पील, म्हणजे नवे कोंब, तुडवले गेले होते. पील गेला म्हणजे त्या जागेवरचं पुढचं पीकही गेलं. हा खर्च कुठल्याच बजेटमध्ये नसतो, कारण बजेट करणाऱ्याने पील पाहिलेलाच नसतो. आणि हो, केळीचा चीक. सहा साड्यांवर काळे डाग पडले, ते आजतागायत गेले नाहीत. कॉश्च्युमवाल्या ताई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

कागदपत्रांचं एक वेगळंच. सीनमध्ये बैलजोडी होती. शूटिंगमध्ये जनावर वापरायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी लागते, आणि मंडळाचं मुख्यालय आहे हरियाणात, बल्लभगढला. जोडीचा मालक खूप हसला. "बैल माझे, वावर माझं, अन् विचारायचं हरियाणाले?"

लहान मुलीचं काम होतं, तिची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांच्या वर नाही, आणि मिळणाऱ्या पैशातले किमान २० टक्के मुलीच्या नावाने बँकेत ठेव म्हणून टाकायचे. दिग्दर्शक या नियमाने वैतागतात, मला तो फार आवडतो. त्या पोरीच्या पैशाला कायद्याचं कुलूप आहे. तिला रोज ताटात आग्रहाने वाढणाऱ्या मावशींच्या पैशाला नव्हतं.

या मावशींची मेस आहे, नाव-पत्ता सांगत नाही. युनिटचा मुंबईचा केटरर ऐन वेळी फिरला, तेव्हा मी त्यांच्या दारात उभा राहिलो. दोन बहिणी आणि एक सून हाताशी घेऊन त्यांनी सव्वाशे माणसांचा नाश्ता आणि दोन वेळचं जेवण बारा दिवस सांभाळलं. शेवभाजीचा तिखटपणा पहिल्या दिवशी हिरोला झेपला नाही, तर दुसऱ्या दिवसापासून त्याची वेगळी पातेली. कळण्याच्या भाकरीवर तर मेकअपवाले रोज भांडायचे. (भरीत पाहिजे म्हणून सगळे मागे लागले होते. एप्रिलात कसलं भरीत? ते हिवाळ्यात, कपाशीच्या काड्यांवर.) बिल झालं दोन लाख ऐंशी हजारांच्या घरात. साठ हजार आगाऊ दिले होते.

आता इथे कंपनीचा हिशेबही समजून घ्या. अकाउंट्सवाले रोखीला घाबरतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली की आयकरात तो खर्च धरत नाहीत. म्हणून बिल, पॅन, खाते क्रमांक, रद्द केलेला चेक, व्हेंडर फॉर्म. पॅन नसेल तर बिलातून एक टक्क्याऐवजी थेट वीस टक्के कर (टीडीएस) कापतात. आणि टीव्हीत नव्वद दिवसांनी पैसे द्यायची पद्धत जुनी आहे. कलाकारांचे, तंत्रज्ञांचेही तसेच येतात. पण ते नव्वद दिवस धरूनच जगतात, त्यांचे हप्तेसुद्धा त्या हिशेबाने लावलेले असतात. मावशींचा किराणावाला नव्वद दिवस थांबत नाही. त्याला चॅनेल म्हणजे टीव्हीवर दिसतो तो.

नव्वदचे एकशेवीस झाले. मालिका मधेच बंद झाली. माझ्या फोनला उत्तर यायचं, "चॅनेलकडून आलं की लगेच." मी मुंबईत, पुढच्या कामावर. मावशी मला फोन करायच्या नाहीत. त्या आमच्या घरी जायच्या, दर पंधरा दिवसांनी. ओट्यावर बसायच्या, चहा घ्यायच्या, नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारायच्या, "तुमना आंडोर बरा शे ना?" (तुमचा मुलगा बरा आहे ना?) नाना काही बोलायच्या आधीच म्हणायच्या, "पैसासनं काही नही, सहज उनू." (पैशांचं काही नाही, सहज आले.) पैसे मागितले असते तर बरं झालं असतं, असं नाना म्हणाले. त्यांनी मला एकदा फोनवर विचारलं, "अकाउंट्स म्हणजे माणूस आहे का ऑफिस? माणूस असेल तर नंबर दे." मी नंबर दिला नाही. मग त्यांनी मला न सांगता स्वतःची ठेव मोडून मावशींना पन्नास हजार दिले. पैसे पाचव्या महिन्यात आले, टीडीएस कापून. मावशींनी त्याच दिवशी नानांचे पन्नास हजार परत केले. मी अजून त्यांच्या मेससमोरून जाताना गाडी हळू करत नाही.

तर, ओळखीने स्वस्तात होईल का? होतं. कारण समोरचा माणूस कंपनीला ओळखतच नाही, मला ओळखतो, माझ्या बापाला ओळखतो. माझं नाव तिथे तारण असतं. शेतकरी सातबारा गहाण टाकतो तेव्हा बँक निदान तसं लिहून तरी घेते. इथे कागद नाही. बजेटमध्ये ज्याला 'लोकल सपोर्ट' म्हणतात तो हा. पॅक-अप झालं की ट्रक धुळ्याकडे वळतात, कंपनीचं गावाशी नातं संपतं, माझं कसं संपणार?

आपलेही काही साधे नाहीत. शूटिंगवाले दिसले की पंधराशेचं खळं बारा हजारांचं होतं, तेही पाहिलंय. त्यावरही भाव ठरवून घेणं हाच उपाय, उधारी नव्हे.

भाषेचंही असंच फुकटात काढतात. स्क्रिप्टमध्ये नुसतं 'खान्देशी बोली' लिहून येतं आणि सेटवर माझ्याकडे बोट होतं: "सर बघतील." अहो, मी अमळनेरचा, आमची अहिराणी. आम्ही म्हणतो "कथा चालना?" यावल-रावेरला लेवा बोलीत म्हणतील "कुठी चालला?" बहिणाबाईंची गाणी त्या बोलीतली. तुमचं कथानक रावेरचं असेल तर तिथला माणूस आणा आणि त्याला मानधन द्या. जनरेटरला डिझेल भरता भरता संवाद तपासायचं माझं काम नाही.

निर्मात्याच्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी लेखी कळवलं. गावातल्या लोकांचे पैसे शूटिंगआधी वेगळ्या खात्यात टाका. व्हेंडर फॉर्म रेकीच्या वेळीच भरून घेऊ. सत्तर टक्के सुरुवातीला, उरलेले शेवटच्या कॉलच्या दिवशी, ट्रक भरायच्या आधी. जमत नसेल तर दुसरा मॅनेजर बघा, लोकेशन मी फुकट दाखवीन. अजून उत्तर आलेलं नाही.

आणि अमळनेर-चोपडा-पारोळ्याकडच्या मंडळींना: मेस, मंडप, पिकअप, जनरेटर असं काही चालवत असाल तर काम घेण्याआधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या. ऑनलाइन होते, पूर्ण मोफत आहे, कुणा एजंटला हजार-पाचशे देऊ नका. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे अशा नोंदणीवाल्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज चढतं, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. मावशींची नोंदणी मी मागच्या दिवाळीत करून दिली. कुणाला अडलं तर मला मेसेज करा. फोन मात्र रात्री दहानंतर. त्याआधी मी कुठल्यातरी जनरेटरशेजारी उभा असतो, काही ऐकू येत नाही.