घोड्याला वॉल लागत नाही

स्पेअर पार्टच्या दुकानात सॅन स्टॉर्म म्हटलं की काउंटरवरचा पोरगा सफारी स्टॉर्मचा खोका काढतो. दर वेळी. "सफारी नाही रे, सॅन," म्हटलं की सँट्रोचा काढतो. दोनच माणसं बसतात म्हणून सांगितलं तर पिकअपचा.

तर सॅन स्टॉर्म, माझी गाडी. १९९८ साली आलेली, गोव्यात बनलेली, दोन सीटची, टप उघडणारी स्पोर्ट्‌स कार. बॉडी फायबरची, इंजिन रेनोचं, ११४९ सीसी. तिकडे रेनोच्याच क्लिओ आणि ट्विंगो या छोट्या गाड्यांना असायचं तेच. धुळ्यात टप उघडून फिरण्याजोगी हवा डिसेंबरात असते, आणि थोडी जानेवारीत.

मला हवा होता फक्त थर्मोस्टेट, मेकॅनिकच्या भाषेत थर्मोस्टेट वॉल. मुठीत मावतो. त्याच्या पोटात मेण असतं. इंजिनाचं पाणी ८० ते ९० अंशांच्या मधे कुठेतरी पोचलं की मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे गार व्हायला जातं. माझा बंद अवस्थेतच जाम झालाय. घरच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात टांगून बघितला, हूं की चूं नाही. (ते पातेलं आता चहाला चालत नाही असा घरात निर्णय झालाय.) लळिंगचा घाट लागला की काटा लाल रेघेत.

परवा आग्रा रोडवरच्या दुकानात हे सगळं समजावत होतो, तर शेजारी ट्रॅक्टरचा फॅनबेल्ट न्यायला आलेले एक आप्पा माझ्याकडे वळले. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, वेळच वेळ.

"काय व्हयनं भो गाडीले?"

"थर्मोस्टेट गेलाय आप्पा."

"काढीसनी फेकी दे. आपला आठे काय बरफ पडस? मन्हा मॅसीना मी कव्हयच काढी टाका."

हा सल्ला मला खानदेशातल्या झाडून सगळ्या गॅरेजांत मिळालाय. वॉल काढला की इंजिन पुरेसं तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, झीज वाढते, हे मी आप्पांना सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि गाडी बघायला बाहेर आले. मागून दुकानातला पोरगा, त्याच्यामागून टायर पंक्चरवाला. आप्पांनी बॉनेटवर टकटक केलं.

"हाऊ पत्रा नही?"

"फायबर आहे."

"म्हंजे पानीनी टाकी."

मी गप्प. मग त्यांची नजर टपावर गेली. "टप निंघस?" निघतो म्हटल्यावर आप्पांचा चेहरा उजळला. "वरातले कितला लेस?"

आप्पांच्या भाच्याचं लग्न होतं. दोन सीटा, नवरा-नवरी, वर मोकळं आभाळ. असं वाहन अख्ख्या तालुक्यात नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं. अडचण पंक्चरवाल्याने काढली: ड्रायव्हर कुठे बसेल? पोरगा म्हणाला, नवरदेवच चालवेल. त्यावर आप्पा उखडले. "नवरदेवना हातमा कट्यार राहस. गेर कोन टाकी?" कट्यारीच्या टोकाला लिंबू असतं, ते धक्क्याने पडलं तर अपशकुन, असाही मुद्दा निघाला. नवरीने गिअर टाकावा, ही माझी सूचना कोणी ऐकलीसुद्धा नाही. शेवटी तोडगा आप्पांनीच काढला.

"ढकलीसनी लई जाऊत. वरातमा गाडी चालू कराना कामच नही." मग माझ्याकडे बघून, अगदी मायेने, "मंग तुले वॉल कसाले जोयजे?"

यावर उत्तर नाही. आजही नाही.

त्या दुकानात माझ्या गाडीहून कितीतरी जुन्या ट्रॅक्टरचा नटसुद्धा होता. ट्रकचं तर काय हवं ते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही हायवे जिथे एकमेकांना छेदतात त्या गावात ट्रकचे पार्ट असणारच, जे पळतं त्याचंच खपतं, कळतं मला. पण मग "नाही मिळणार" म्हणा ना! तसं कोणी म्हणत नाही. धुळेवाला म्हणतो मालेगावला मिळेल. मालेगाव म्हणतं कुर्ला. कुर्ला म्हणतं दिल्ली, काश्मिरी गेट. दिल्लीवाल्याने व्हॉट्सॲपवर दुसऱ्याच गाडीच्या वॉलचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, घासून बसेल. परदेशातून मागवावा तर पार्ट स्वस्त, कुरियर आणि कस्टम मिळून त्याच्या डोक्यावर. पंधरा वर्षं उलटली की सरकार मात्र आठवणीने नोंदणीचं नूतनीकरण मागतं, वर पर्यावरण कर. माझी गाडी आहे हे या देशात फक्त आरटीओला ठाऊक आहे. आणि ज्याला म्हणून सांगावं तो म्हणतो, विकून टाका, स्विफ्ट घ्या. मी स्विफ्टबद्दल विचारलं होतं का?

आप्पांनी जाताना माझा नंबर घेतला. भाड्याने देतो असं मी एका शब्दाने बोललो नव्हतो. काल फोन आला.

"घोडा ठरी गया भो. वाईट वाटी लेऊ नको. घोडाले वॉल लागत नही."

म्हणजे मी न दिलेली गाडी त्यांनी नाकारली. आणि हे फोनवर, जेवायच्या वेळेला.