दोष फक्त सिगारेटचा नाही

एचआयव्हीबाधितांमधला सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होऊन धाप लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) म्हणजे निव्वळ धूम्रपानाचा परिणाम, हे एका लेखातलं वाक्य खटकलं. धूम्रपानाचा हिशेब वेगळा काढला तरी त्यांच्यात हा धोका जास्तच दिसतो. एआरटी या एचआयव्हीवरच्या औषधांनी रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी होतो, पण फुफ्फुसातल्या पेशींत तो दडून राहू शकतो आणि दाह धुमसत राहतो.

माझ्या एचआयव्हीबाधित थोरल्या भावाने आयुष्यात विडीला हात लावला नाही. एआरटी नियमित, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) नगण्य, तरी जिना चढताना धाप लागायची. क्षयाची तपासणी झाली (ती व्हायलाच हवी होती), निगेटिव्ह आली आणि विषय तिथेच थांबला. दोन वर्षांनी स्पायरोमेट्री केली तेव्हा कुठे सीओपीडी कळला. नळीत जोरात फुंकायची एवढीशी चाचणी, ती आधीच का सांगितली नाही?