खुलासा : गुलमर्गचे २० मिलिमीटर म्हणजे २ सेंटिमीटर बर्फ नव्हे

"गुलमर्गला उद्या फक्त २० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम २ सेंटिमीटर बर्फ, स्कीइंगला जाऊ नका," असा संदेश फिरतो आहे. हा हिशेब चुकीचा आहे. अंदाजातले मिलिमीटर म्हणजे तो बर्फ वितळल्यावर होणारे पाणी. ढोबळमानाने १ मिलिमीटर पाण्याचा १ सेंटिमीटर ताजा बर्फ होतो, म्हणजे इथे सुमारे २० सेंटिमीटर. तापमान शून्याच्या आसपास असेल तर बर्फ ओला, जड पडतो आणि थर १०-१४ सेंटिमीटरच भरतो; कडक थंडीत मात्र तोच भुसभुशीत थर ३० च्या घरात जातो.

अंदाज कोणत्या उंचीचा आहे, हे आधी पाहा. गोंडोला, म्हणजे गुलमर्गचा रोपवे, सुमारे २,६५० मीटरवरून सुटतो आणि अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरच्या पुढे पोहोचतो. दर हजार मीटरला तापमान साधारण ६ अंशांनी उतरते, त्यामुळे खाली पाऊस असताना वर कोरडा बर्फ पडत असू शकतो.

वाऱ्यात तर कोणताच आकडा टिकत नाही. धारेवरचा बर्फ उडून घळीत साचतो, आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हाच साठा हिमस्खलनाला कारण ठरतो. आखलेल्या उताराबाहेर जायचे असेल, तर हिमस्खलनाचा त्या दिवशीचा इशारा वाचल्याशिवाय कृपया निघू नका.