आजारपण पाहून डॉक्टर व्हायचं ठरवणाऱ्या मुलांबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

वडिलांचं डायलिसिस बघून डॉक्टर व्हायचं ठरवलेल्या आमच्या शेजारच्या मुलीबद्दल मी कौतुकानं लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, हा भावनेच्या भरातला निर्णय आहे, 'नीट' या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासात तो टिकत नाही. आणि टिकलाच, तर असा डॉक्टर प्रत्येक पेशंटमध्ये आपला बाप बघत बसतो. तुम्ही नीटच्या क्लासला शिकवता, त्यामुळे हे अनुभवातून आलंय हे मान्य. तरी मला ते पटलेलं नाही.

भावनेचा भर चार महिन्यांत ओसरतो. या घरात आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिस असतं आणि ती आठवीपासून ते बघतेय. बाबांचं दिवसभराचं पाणी ती सकाळीच बाटलीत मोजून ठेवते. चहा झाला, आमटी झाली की तेवढं त्यातून कमी करते. रात्री त्यांच्या हातावरच्या फिस्टुलावर बोटं ठेवून बघते. तिथं धमनी शिरेला जोडलेली असते, म्हणून बारीक थरथर लागते. ती लागेनाशी झाली तर आत गुठळी झालेली असू शकते, लगेच दवाखाना गाठायचा. हे तिला डायलिसिस सेंटरमधल्या सिस्टरनी शिकवलं. मशीन किडनी बरी करत नाही, तिचं काम तेवढं ओढून नेतं, हेही तिला पक्कं ठाऊक आहे. पांढऱ्या कोटाच्या आकर्षणानं मेडिकलला जाणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक असतं?

आता 'प्रत्येकात बाप बघणं' याबद्दल. मला इथं आयडा स्कडर आठवतात. 1890 मध्ये त्या अमेरिकेतून तमिळनाडूतल्या तिंडीवनमला आल्या त्या आजारी आईची काळजी घ्यायला. वडील डॉक्टर होते, पण आयडांना या देशात राहायचंच नव्हतं. तिथं एका रात्री तीन घरचे पुरुष आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या. पुरुष डॉक्टर नको म्हणून आयडांच्या वडिलांना कुणीच नेलं नाही आणि तिघीही गेल्या. मग आयडा परत जाऊन शिकल्या, 1899 मध्ये कॉर्नेलमधून डॉक्टर झाल्या आणि 1918 मध्ये त्यांनी वेल्लोरला मुलींसाठी मेडिकल स्कूल काढलं. आईच्या आजारपणानं त्यांना तिथवर आणलं. निर्णय झाला तो परक्या बायकांसाठी. आमची मुलगीसुद्धा हल्ली बाबांपेक्षा सेंटरमध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर डायलिसिस घेणाऱ्या आजोबांबद्दल जास्त बोलते. ते खेड्यातून एसटीनं येतात आणि पाऊस लागला की त्यांची खेप चुकते.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. 'बाबांसाठी डॉक्टर हो' असं नातेवाईक तिला ऐकवतात, ते थांबायला हवं. एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक, एमडीची तीन आणि नेफ्रॉलॉजीची, म्हणजे किडनीच्या आजारांच्या शिक्षणाची, आणखी तीन. बाबांना बरं करायला ती वेळेत पोचणार नाही, हा हिशोब तिनं स्वतःच मला करून दाखवला, आणि तरीही ती फॉर्म भरणार आहे.

सर, अशी मुलं तुमच्याही क्लासमध्ये असतील. त्यांना 'भावनिक' म्हणून बाजूला काढू नका. घरी कोण आजारी आहे, दवाखान्याचे वार कोणते, एवढं विचारा आणि त्या दिवशीची टेस्ट त्यांना दुसऱ्या दिवशी देऊ द्या. हिच्या क्लासमध्ये ते जमलं नाही, म्हणून सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या टेस्ट ती घरी स्वतःच घड्याळ लावून सोडवते.